एकशे अठरा झटके

आमच्या घरातला पहिला झटका मला डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी, फ्रिजच्या हँडलनं दिला. वेळ नक्की सांगता येते, कारण झटका बसल्याबरोबर मी घड्याळ पाहिलं. दुसरा एखादा माणूस हात झटकतो, ओरडतो. मी घड्याळ पाहतो. एका कंपनीच्या स्टोअर्स खात्यात सव्वीस वर्षं काढली की माणसाचं असं होतं.

"काय झालं?" ओट्याशी चहा गाळत सुलभानं विचारलं. सुलभा माझी बायको.

"फ्रिजनं शॉक दिला."

"त्याचीही काही बाजू असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या बटणानं दिला. मग गाडीच्या दारानं. मग बेसिनच्या नळानं. गुरुवारी सुलभानं माझ्या हातात डबा दिला तेव्हा तिच्या बोटातून माझ्या बोटात 'चट्' असा आवाज आला, आणि ठिणगीसुद्धा दिसली असं मी म्हणतो. (सुलभा म्हणते, दिसली नाही. पण तिचे डोळे तेव्हा अर्धवट मिटलेले होते.)

आता, खारघरची हवा वर्षातले दहा महिने अशी असते की तळलेला पापड ताटात पोचेपर्यंत मान टाकतो. थंडीत चार दिवस हवा कोरडी होते, चार झटके बसतात, हे मान्य. पण अकरावा दिवस उजाडला तरी मी झटके खात होतो! खाली सोसायटीत सात जणांना विचारलं. सहा जणांना अजिबात बसत नव्हते. सातव्यानं विचारलं, "तुम्ही मेंटेनन्सबद्दल बोलताय का?"

म्हणजे दोष हवेचा नव्हता. दोष माझा होता.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. माझ्या वडिलांची साखर वाढलेली आहे हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली होती. चालताना त्यांच्या पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना पत्ता नसायचा. आई म्हणायची, "वय झालं." आम्ही हसायचो. मग एक दिवस पायाला जखम झालेली आढळली, तीही आठ दिवसांची जुनी. तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या घरात कुठल्याही माणसाच्या अंगात काहीही बदल झाला तर तो नोंद झाल्याशिवाय सुटणार नाही.

म्हणून वही सुरू केली. दोनशे पानी. रकाने आखले: क्रमांक, तारीख, वेळ, वस्तू, तीव्रता, शेरा. तीव्रतेचे पाच अंक होते. एक म्हणजे शंका. दोन म्हणजे खात्री. तीन म्हणजे हात मागे. चार म्हणजे झटक्याचा आवाज. पाच म्हणजे माझा आवाज. 'वस्तू' या रकान्यात, ज्याच्याशी व्यवहार झाला त्याचं नाव लिहायचं, हा स्टोअर्सचा साधा नियम. व्यवहार फ्रिजशी झाला तर 'फ्रिज'. नळाशी झाला तर 'नळ'. सुलभाशी झाला तर 'सौ.'. (पूर्ण नाव रकान्यात मावत नव्हतं.)

तपासाची सुरुवात वायरिंगपासून केली. बोनकोड्याहून गणेश नावाचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं मीटरपासून गिझरपर्यंत सगळं तपासलं, प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर घातला, आणि शेवटी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "काका, आर्थिंग एकदम झकास हाय. फॉल्ट लायनीन नाय."

"मग?"

"तुमच्यान हाय."

"अहो, आधी तो पंखा बंद करायला सांगा त्याला," सुलभा सोफ्यावरून म्हणाली. तिनं स्वेटर घातला होता. खारघरमध्ये स्वेटर! आमच्याकडचा तो एकुलता एक लोकरीचा स्वेटर एका सहलीसाठी घेतलेला, आणि तो खरी लोकर नसून नायलॉनचा भाऊबंद आहे हे पहिल्या धुण्यातच कळलेलं. तो तिनं कपाटातून काढला होता आणि ती दिवसभर तो अंगात चढवून बसायची.

"सुलभा, बाहेर अठ्ठावीस डिग्री आहे."

"बाहेर असेल."

गणेशनं पंखा बंद केला, जाताना धीर द्यावा म्हणून माझा हात हातात घेतला, आणि 'आयचा घो!' म्हणून सोडून दिला. तीव्रता चार. नोंद केली नाही, कारण तो बाहेरचा माणूस होता.

मग मुलीकडे गेलो. केतकी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला म्हटलं, "जरा नेटवर बघ. सारखे शॉक बसणं हे कुठल्या आजाराचं लक्षण असतं?"

तिनं पाच मिनिटं मोबाइल चाळला. "बाबा, इथे एक जण लिहितोय की त्याला शॉक बसायचे आणि मग डायबिटीस निघाला. एक बाई म्हणतेय थायरॉइड. एक म्हणतोय नसांचा आजार. आणि एक म्हणतोय त्याच्या अंगात परग्रहावरून…"

"तीनच सांग."

"पण यातलं डॉक्टरांनी काहीच लिहिलेलं नाहीये. सगळी अशीच माणसं आहेत."

"मीही अशाच माणसांपैकी आहे. सांग."

तिनं सांगितलेले तीन आजार मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. डायबिटीस: वडिलांना होता, सबब ठेवला. नसा: शक्य आहे, ठेवला. थायरॉइड बायकांत जास्त आढळतो असं केतकी म्हणाली, म्हणून पट्टी ठेवून ती ओळ नीट खोडली.

त्या संध्याकाळी ही यादी सुलभाला वाचून दाखवायला बसलो. दुसऱ्या आजारापर्यंत पोचलो तर ही बसल्या जागी पेंगत होती. साडेआठसुद्धा वाजले नव्हते. नवऱ्याच्या प्रकृतीबद्दल इतकी बेफिकिरी बघून मला वाईट वाटलं. त्याच आठवड्यात बाथरूमची मोरी तिच्या केसांनी दोनदा तुंबली. मी जाळी बसवली आणि केस विंचरताना काळजी कशी घ्यावी यावर थोडं बोललो. एवढा आजारी असूनही घराकडे लक्ष देत होतो, हे मुद्दाम सांगतो.

समोरच्या फ्लॅटमधले देसाईकाका निवृत्त झाल्यापासून सगळ्यांच्या अडचणी सोडवतात. त्यांनी माझी वही चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. असा वाचक मला आजवर मिळाला नव्हता.

"पेट्रोलचा टँकर बघितलायस?" ते म्हणाले. "त्याच्या मागे जमिनीला घासणारी साखळी असते. कशाला? अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून."

"म्हणजे मी साखळी बांधू?"

"साखळी कशाला? तांब्याची तार पुरे. घोट्याला गुंडाळ, एक टोक मागे सोड. कोणाला कळणार पण नाही."

मी तार बांधली. मागे सोडलेलं टोक मोजून सव्वा मीटर होतं. तेवढं लांब ठेवण्याची गरज नव्हती, पण कमी पडण्यापेक्षा शिल्लक बरी. घरात चार फेऱ्या मारल्या. एकही झटका नाही! देसाईकाकांनी टाळी दिली. तीव्रता शून्य! मोठ्या आनंदानं आम्ही दोघं खाली फेरी मारायला निघालो. लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं. मी आत होतो, तार बाहेर होती.

लिफ्ट हलेना. दार उघडेना. आत गजर वाजायला लागला. देसाईकाका म्हणाले, "पाय उचल." मी उचलला. "दुसरा उचल." दुसरा उचलला असता तर पडलो असतो, म्हणून त्यांचा खांदा धरला. वॉचमन सात मजले चढून धापा टाकत आला, त्यानं दार हातांनी फाकवलं, आणि एका पायावर उभा असलेला मी, माझ्या घोट्याची तार आणि मला कवटाळलेले देसाईकाका, असं सगळं त्यानं पाहिलं.

"साहब," तो गंभीरपणे म्हणाला, "आपको बांधा किसने?"

तार सोडली. झटके परत आले.

आता जानेवारी लागला आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. त्या दिवशी आमच्याकडे मला दुपारी चारला बेडरूममध्ये बसवतात आणि सातला बाहेर काढतात. मी वही घेऊन आत बसलो. बाहेर सुलभा काळी साडी नेसून बायकांना कुंकू लावत होती. साडीवर तो स्वेटर होता, हे मला आवाजावरून कळलं.

"सुलभा, अगं स्वेटर कशाला?" हा देसाईकाकूंचा आवाज.

"गारठा आहे ना काकू."

"आम्ही घामाघूम झालोय! बरं, लाव बाई कुंकू… आई गं!!"

मी पेन उघडलं.

"काय झालं काकू?" कोणीतरी विचारलं.

"अगं, कपाळात करंट गेला. सरळ आत!"

मग दुसरी: "अगं बाई!" तिसरी: "ईऽऽ!" चौथी काही बोलली नाही, पण तिला वाण म्हणून स्टीलची वाटी दिल्यावर वाटी खाली पडल्याचा आवाज आला. वाण मीच पसंत केलं होतं. टिकाऊ वस्तू म्हणून स्टील.

सुरुवातीला बायका बिचकल्या असतील. पण देसाईकाकू योगाच्या वर्गाला जातात. त्यांनी जाहीर केलं की हे साधं नाही, आपलं आज्ञाचक्र जागं झालं. झालं! अर्ध्या तासात बी विंगमधून बायका यायला लागल्या. एकीनं तर "मला नीट बसला नाही, परत लाव ना," असा आग्रह धरला. एकूण चोवीस बायका आल्या. मी दाराआड बसून मोजलेल्या किंकाळ्या एकोणीस.

माझ्या डोळ्यांपुढे सगळं चित्र स्पष्ट झालं. माझ्या अंगातली वीज आता सुलभामार्फत बाहेर पसरत होती! मी मूळ होतो, ती वाहक. फक्त प्रमाण समजायला हवं होतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी आतूनच मोठ्यानं विचारलं, "सुलभा! आज सकाळपासून तू मला किती वेळा हात लावलास?"

बाहेर आणखी एक वाटी खाली पडली.

मग देसाईकाकूंचा आवाज आला, "अगं बाई."

त्या रात्री सुलभा माझ्याशी बोलली नाही. खरं म्हणजे ती नऊच्या आधीच झोपली, त्यामुळे बोलत नव्हती की झोपली होती हे सांगता येत नाही. मी मात्र डॉक्टरांची वेळ घेतली. वडिलांची चूक परत होऊ द्यायची नव्हती.

"मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "जिना उतरायचाही कंटाळा आलाय मला."

"लिफ्ट आहे."

"तुमच्या त्या प्रकारानंतर वॉचमन माझ्याकडे कसा बघतो माहितीय?"

"साक्षीदार म्हणून चल," मी म्हणालो. ती स्वेटर घालून आली.

आमच्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या आहेत. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि गोषवारा सांगितला. एकूण झटके एकशे अठरा. फ्रिज चौदा, नळ नऊ, लिफ्ट अकरा, गाडीचं दार सतरा, केतकीचा लॅपटॉप सहा, देसाईकाका तीन, सौ. अठ्ठावन्न.

डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. "ही 'सौ.' कुठली वस्तू?"

"ही," मी सुलभाकडे दाखवलं.

सुलभानं वही ओढून घेतली. रकाना वाचला. वरचं नाव वाचलं, खालचं नाव वाचलं. "फ्रिज आणि गाडीच्या दाराच्या मधे?"

"ते वेळेच्या क्रमानं आहे," मी म्हणालो.

डॉक्टरबाई शेवटची पानं चाळत होत्या. "आणि हे परिशिष्ट? 'हळदीकुंकू, एकोणीस किंकाळ्या'?"

"हो."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"आत. बेडरूममध्ये."

"दार?"

"लावलेलं."

"आणि झटके?"

"बाहेर."

"कोण देत होतं?"

"ही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची वळवली, आणि त्या क्षणापासून मी त्या खोलीत नव्हतो.

"वहिनी, हात बघू. त्वचा अशी कधीपासून आहे? भेगा पडल्यात."

"झालं असेल वर्ष."

"थंडी वाजते?"

"सारखी."

"झोप?"

"बसल्या जागी लागते हो."

"केस गळतात?"

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. "जाळी बसवलीय आमच्याकडे."

"आणि आवाज जरा घोगरा वाटतोय. वर्षभर हे अंगावर काढलंत? घरात सांगितलं नाहीत कोणाला?"

"कोणाला सांगणार?" सुलभा म्हणाली. रागावून नव्हे, अगदी साधेपणानं. "हे लिहीत असायचे."

मी वहीकडे पाहिलं. अक्षर चांगलं होतं. समास सरळ होते. महिनाभर मी रोज त्या बाईचा हात लागल्याची वेळ टिपली होती, आणि तो हात कसा झालाय हे एकदाही पाहिलं नव्हतं. वडिलांच्या चपलेला आम्ही हसलो होतो. इथे मी मोरीला जाळी बसवली होती.

"पण डॉक्टर," मी विचारलं, "झटका हे लक्षण आहे ना?"

"झटका हे कसलंच लक्षण नाही," त्या म्हणाल्या. "कोरडी हवा, कोरडी त्वचा, वर नायलॉनचा स्वेटर. कोणालाही बसेल. प्रश्न हा आहे की या बाईंना खारघरमध्ये स्वेटर का लागतो. रक्त तपासू या. थायरॉइड."

खोडलेली ओळ वहीच्या शेवटच्या पानावर होती. ते पान मी हळूच तळहातानं झाकलं. (केतकीनं नंतर ते शोधून काढलं आणि मोबाइलवर त्याचा फोटो ठेवला आहे.)

रक्त दोघांचं तपासलं. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. साखर नॉर्मल, नसांसाठी पाहिलेलं बी-ट्वेल्व्हही नॉर्मल. थोडं वाईट वाटलं. सुलभाचा जो आकडा पाचाच्या आत असायला हवा तो चौतीस होता. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. आकड्याकडे नुसतं बघत बसण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"घाबरलात?" सुलभानं विचारलं.

"नाही."

"मग कागद उलटा का धरलाय?"

गोळी सुरू झाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, आणि मग अर्धा तास चहा नाही. बहुधा जन्मभर. ती गोळी मी देतो, पाण्याच्या पेल्यासकट. अंगाला खोबरेल तेल आलं, अंगावर सुती कपडे आले, आणि स्वेटर परत कपाटात गेला. वही सुलभानं जप्त करून डाळीच्या डब्यामागे ठेवली. कुठे ठेवली ते तिनं सांगितलं नव्हतं. पण सव्वीस वर्षं स्टोअर्समध्ये काढलेल्या माणसापासून वस्तू लपवून ठेवणं सोपं नसतं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आम्ही उद्यानात फेरी मारत होतो. सुलभा माझ्या चार पावलं पुढे चालत होती आणि "या लवकर," म्हणत होती. हे वर्षभर उलटं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी पुढे होऊन तिचा हात धरला. हात मऊ होता. काहीही झालं नाही.

तिनं संशयानं पाहिलं. "शॉक बसतो का बघताय?"

"छे गं. सहज धरला."

"सहज?"

"सहज."

तिनं हात काढला नाही. त्याच अवस्थेत आम्ही दोन फेऱ्या पूर्ण केल्या. समोरून देसाईकाकू आल्या, थबकल्या, आणि "अगं बाई," म्हणून बाजूच्या वाटेनं गेल्या.

घरी आल्यावर सुलभा आंघोळीला गेली तेव्हा मी डाळीच्या डब्यामागून वही काढली. 'वस्तू' हा शब्द खोडून तिथे 'व्यक्ती' लिहिलं. मग नोंद केली: क्रमांक एकशे एकोणीस. वेळ सहा चाळीस. व्यक्ती: सुलभा. (पूर्ण नाव लिहिलं. मावतं, असं दिसलं.) तीव्रता शून्य. शेरा: हात सहज धरला.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तर त्या ओळीखाली लाल पेनानं लिहिलेलं होतं: "तपासलं. तीव्रता बरोबर. शेरा खोटा." खाली सही होती: सौ.

सव्वीस वर्षांत माझ्या वहीत ऑडिटला एकही खोटी नोंद सापडलेली नव्हती. ही सापडली, आणि बरोबर सापडली.